लल्ला खदूजचा रबाब गेला

मोरोक्कोतल्या तेतुआनात लग्न लावायचं ते काझीने, पण ते पक्कं करायचं लल्ला खदूजने, म्हणजे खदूजबाईने. बाहेरच्या चौकात पुरुषांची वाजंत्री काय वाजवायची ती वाजवो. आत, जिथे नवरी बसते, तिथे राज्य खदूजच्या बायकांचं. ऊद नावाचं तंतुवाद्य छेडणारी एक ऊदवाली, दोघी गाणाऱ्या, खंजिरीवर तामो आणि मधोमध, इतरांपेक्षा दोन उशा जास्त घेऊन, स्वतः खदूज. बाई नाकावर माशी बसू देत नसे. चहा कोमट आला तर घर कुणाचं आहे हे न बघता पेला परत पाठवायची आणि दुसरा पेला धावत यायचा.

तिचा रबाब होताच तसा. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, होडीसारखा पोकळ, अंगावर शिंपल्यांची नक्षी, खालच्या अर्ध्या भागावर ताणलेलं कातडं आणि आतड्याच्या दोन जाड तारा. तिच्या गुरूने, लल्ला झोहोरने, मरायच्या आधी तो तिच्या मांडीवर ठेवला होता. रबाब वाजवणारी दुसरी बाई गावात नव्हती, आणि ती तयार होऊ नये याची काळजी खदूजने जातीने घेतली होती. खोटं कशाला बोला, या बाबतीत बाई कंजूष होती.

रबाब गेला तो तेलवाल्या हाज अब्सलामच्या मुलीच्या लग्नात. पाहुण्या जेवून उठल्यावर वाजवणाऱ्या बायकांना आतल्या खोलीत पान वाढतात. त्या जेवून परत आल्या आणि खदूजने पिशवी उचलली, तर आत लोड! तोवर निम्म्या पाहुण्या पांढरे हायक पांघरून घरी पोचल्या होत्या. त्या एकेका हायकाखाली रबाबच काय, अख्खं बकरं खपलं असतं.

यजमानीणबाई कपाळ बडवून घेऊ लागली.

"उगी, उगी. माझा रबाब म्हणजे कोंबडी आहे का कापून खायला?" खदूज म्हणाली.

"विकतील हो, लल्ला! तो जुन्या वस्तूंचा स्पॅनिश दुकानदार कधीचा टपून बसलाय."

"त्याला बायकांच्या चौकात कोण शिरू देतंय? नेलाय बाईनेच. आणि बाईने नेलाय म्हणजे ती वाजवल्याशिवाय राहायची नाही. तिने वाजवला की मला ऐकू येणार."

"हात झडोत मेलीचे!" ऊदवाली म्हणाली.

"हात कशाला झडायला हवेत बाई?" तामो म्हणाली. "रबाब मिळाल्याशी काम."

दुसऱ्या दिवसापासून खदूज रोज दुपारी गच्चीवर जाऊन बसू लागली. गावातल्या सगळ्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. कुणाचं तान्हं रडतंय, कुणाची सासू करवादतेय, सगळं वर ऐकू येतं. तामो बदामाच्या करंज्या घेऊन यायची, घटकाभर टेकायची, घरी कामं आहेत म्हणून लवकर उठायची. खदूज एक डोळा मिटून ऐकत राहायची. सगळं ऐकू आलं, रबाब तेवढा आला नाही.

आणि मग काझीच्या बायकोचा निरोप आला. शुक्रवारी आमच्या मुलीचं लग्न. रबाब नसेल तर तसं सांगा, शफशावन गावच्या वाजवणाऱ्या बायकांना बोलावते. निरोप गोड होता, पण त्यातली सुरी खदूजला बरोबर दिसली. काझीचं घर एकदा हातचं गेलं, की मागोमाग बाकीची घरं जाणार. आज शफशावनवाल्या मधल्या गादीवर बसल्या तर उद्या तिला कोण उठून जागा देणार?

"सांग तुझ्या बाईसाहेबांना, रबाब आहे. गादी तेवढी जाड घाला म्हणावं," ती मोलकरणीला म्हणाली. मोलकरीण गेली आणि खदूजने चहा तसाच ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा ती घाबरली होती.

लग्नाच्या आदल्या सकाळी सगळ्याजणी हमामात गेल्या. वाफेत खदूज आणि तामो नेहमीसारख्या शेजारी बसल्या. आधी तामोने तिची पाठ घासली, मग खदूजने खरखरीत हातमोजा चढवला आणि तामोचा डावा हात ओढून घेतला. काळा साबण धुतला गेला आणि मेंदी लागलेली बोटं वर आली.

अब्सलामच्या मुलीची मेंदी. नवरीला लावून उरलेली मेंदी शकुन म्हणून वाजवणाऱ्यांच्या बोटांना लावतात, तशी सगळ्यांनाच लावलेली. तामो उजव्या हाताने खंजिरी बडवते, म्हणून तिची मेंदी जायची ती उजवीकडची. आज डाव्या हाताच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. आतड्याची तार मेंदी कशी खाते, हे अख्ख्या गावात फक्त खदूजला ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या डाव्या हातावर मेंदी कधी आठवडाभर टिकली नव्हती. काखेत कळसा आणि बाई गच्चीवर!

खदूजने तोंड उघडलं. हमाम बायकांनी भरलेला होता. एक हाक, आणि पुन्हा कुठल्याही घराच्या उंबऱ्यावर तामोला कुणी उभं केलं नसतं. तामोलाही ते कळलं होतं. तिने हात सोडवून घेतला नाही.

खदूजने ती बोटं उजेडाकडे धरली. तर्जनी पांढरी, मधलं बोट पांढरं, करंगळी पांढरी. अनामिका मात्र लालभडक.

"अनामिका लावतच नाहीस," ती हळूच म्हणाली. "करंगळी ताणून तो सूर घेतेस. चढतो तो अशाने."

"म्हणून चढतो होय!" तामोच्या तोंडून निघून गेलं.

खदूजने हात सोडला आणि ती तामोच्या पाठीमागे सरकून बसली.

"मी रोज गच्चीवर कान लावून बसले होते."

"माझ्या दारासमोर तांबटांची आळी. ते ठोकायला लागले की मी सुरू. ते जेवायला उठले की मी बंद."

"मागायचा होतास."

"मागितला की म्हणायचीस, आधी हात धुऊन ये. येईपर्यंत पिशवीची गाठ मारलेली. किती वर्षं हात धुवायचे, खदूज?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे खदूजला ते फार झोंबलं. तिने हातमोजा जोरात चालवला. तामोची पाठ लाल झाली.

"उद्या काझीकडे रबाब घेऊन ये," खदूज शेवटी म्हणाली. "मधल्या गादीवर मीच बसणार, ते डोक्यातून काढ. पण नवरी उठून आत जाईल तेव्हाचं गाणं तू वाजव. अनामिका लावून. तेवढ्यापुरती खंजिरी मी धरते."

तामो वळली. "तुला कुठे येते खंजिरी?"

"न यायला काय झालं? अख्खी हयात तुझ्या शेजारी बसून ऐकत आलेय."

"नुसतं ऐकून येत असतं," तामो म्हणाली, "तर मी चोरी केली असती का?"

 खदूजने बादलीतलं उरलेलं पाणी फरशीवर ओतलं, बादली पालथी घातली आणि तामोच्या पुढ्यात सरकवली.

"दाखव," ती म्हणाली.