गिऱ्हाइकाच्या मनावर

गल्ल्यात सुटे पैसे टिकत नाहीत, किस्से मात्र टिकतात. मी जन्मभर सरकारी कारकुनी केली. रिटायर झालो तेव्हा बायको म्हणाली, घरात बसून माझ्या फोडणीचा हिशोब विचारू नका, कुठंतरी जा. म्हणून जालना रोडवरच्या या हॉटेलात गल्ल्यावर येऊन बसलो. तेव्हापासून एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. टिप म्हणजे नक्की काय? बक्षीस, पगार, दान की दंड? तुम्हाला कळलं असेल तर या, चहा माझ्याकडून.

*

ही भानगड सुरू झाली आमच्या सोपानमुळं. सोपान आमचा वेटर, लासूर स्टेशनचा. गुणी पोरगा, पण तिशी आली तरी लग्न जमेना. मग खुलताबादची एक मुलगी सांगून आली. पोरीला पसंत, आईला पसंत, वडील मात्र एका प्रश्नावर अडले. महिन्याला हातात पडतात किती?

सोपाननं खरं ते सांगितलं. पगार तसा कमीच, बाकी टिप. ती गिऱ्हाइकाच्या मनावर. लग्नसराईत बरी मिळते, पितृपक्षात काहीच नाही.

म्हातारा तोंडाकडं नेलेलं पान हातातच धरून म्हणाला, "म्हंजी माझी पोरगी गिऱ्हाइकाच्या मनावर नांदनार व्हय?"

झालं! हो पण नाही, नाही पण नाही, बोलणी लटकली. दुसऱ्या दिवशी सोपान मला विचारतो, "सायब, माझा पगार नेमका किती धरायचा?" मी हजारोंची पगारबिलं काढलेला माणूस, कागद-पेन घेऊन बसलो आणि टिपच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं.

*

हर्सूलकडं राहणारे एक प्राध्यापक दर रविवारी आमच्याकडं जेवतात. ते टिप देत नाहीत. कंजूष म्हणून नाही, तत्त्व म्हणून. माणसाच्या हातावर चिल्लर ठेवणं हा त्याचा अपमान आहे, मालकानं नीट पगार द्यावा, असं ते जेवण होईपर्यंत समजावतात. आमचे मालक दिलीपशेठ गल्ल्यापाशी उभं राहून ऐकतात. मग विचारतात, पगार वाढवतो सर, थाळी महाग केली तर चालेल ना? तेव्हा सर म्हणतात, थाळी कशाला महाग करायची?

एकदा सर मोबाइल टेबलावर विसरून गेले. सोपान भर उन्हात त्यांच्या रिक्षामागं पळत सुटला आणि सिग्नलला गाठून मोबाइल हातात दिला. सरांना गहिवरून आलं. खिशातून नोट निघाली, थोडा वेळ हातात राहिली आणि परत खिशात गेली. "नको सोपान," म्हणाले, "तुझा अपमान होईल."

सोपान घाम पुसत आला आणि मला म्हणाला, "सायब, थोडा झाला असता तर चाललं असतं की."

*

पुढं पैसे देणं सगळं फोनवर आलं. बिलाबरोबर टिपही गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर, म्हणजे थेट शेठच्या खात्यात जायला लागली. पोरं कुरकुरली, तेव्हा शेठनं मोठ्या मनानं परवानगी दिली, आपापला कोड खिशाला लावा. आता प्रत्येक वेटर कोड लावून फिरतोय.

एक दिवस एक मोठं कुटुंब जेवून उठलं. त्या गृहस्थांनी घाईत सोपानच्या छातीवर भलंमोठं बिल भरलं आणि गल्ल्यावरच्या कोडवर टिप. आमचा स्पीकर ओरडला, "तीस रुपये प्राप्त हुए." शेठ दचकले. मी उलगडा करून सांगितला. सोपाननं बिलाचे पैसे तिथल्या तिथं वळते केले. वाटलं होतं शेठ चिडतील.

पण शेठ फोनवर ते टिपचे तीस रुपये आणि देणाऱ्याचं नाव बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कोण होते हो कुलकर्णी? माणसं चांगली वाटली."

*

कोडवरून भांडणं वाढली, कारण आतून रशीदमामू बाहेर आले. मामू आमचे आचारी. त्यांच्या मटणाच्या खलियासाठी लोक लांबून येतात, पण त्यांना कुणी बघत नाही, त्यामुळं टिपही देत नाही. मामू भर हॉटेलात उभे राहिले आणि सोपानकडं बोट करून म्हणाले, "खाना मैं पकाया, हसा ये. तो पैसे पकाने के कि हसने के?"

शेवटी शेठनं गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला. कुणालाही टिप मिळो, डब्यात टाकायची, आठवड्याला सगळ्यांनी वाटून घ्यायची. त्यात मामूंचा वाटा आला आणि सोपानची मिळकत अजून घटली.

*

आता तो रडकुंडीला आला. खुलताबादला एक पक्का आकडा सांगायचाय, तेवढा द्या, म्हणून शेठला चिकटला. शेठ मनानं वाईट नाहीत. त्यांनी सगळ्यांचा पगार वाढवला, थाळी महाग केली आणि दारात पाटी लावली, 'कृपया टिप देऊ नये'. सोपाननं त्याच दिवशी मुलीच्या वडलांना फोन लावून आकडा सांगितला.

आमची गिऱ्हाइकं काय करायला लागली माहितेय? थाळी महागली म्हणून शेजारच्या हॉटेलात जेवायची आणि तिथं तेवढेच पैसे टिप ठेवून यायची! मला हे गणित आजही सुटलेलं नाही. महिना संपायच्या आत पाटी निघाली, डबा परत आला आणि पगार पहिल्यासारखा झाला.

सोपाननं परत खुलताबादला फोन केला आणि तेही सांगून टाकलं. मी चिडलो. अरे शहाण्या, लग्न होईपर्यंत गप्प बसायचं होतंस. तर म्हणे, पोरगी घरी आल्यावर कळलंच असतं ना. पलीकडून म्हाताऱ्यानं नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला होता.

*

चार दिवसांनी दुपारच्या उन्हात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले आणि सोपानच्या टेबलावर बसले. सोपान जागीच थिजला. तेच होते, मुलीचे वडील. सोपान पाया पडायला वाकला तर त्यांनी थांबवलं. "पानी ठिवा. आज मी गिऱ्हाईक हाये."

शेजारच्या टेबलावर एकजण पोळी गार आहे म्हणून सोपानवर नको नको ते ओरडत होता. सोपाननं मान खाली घालून ऐकलं, गरम पोळी आणून वाढली आणि दुसरी आणू का, तेही विचारलं. म्हातारा जेवत कमी होता, बघत जास्त होता.

बिल रोख दिलं, बडीशेप तोंडात टाकली आणि निघून गेले.

सोपाननं बडीशेपची ताटली उचलली. तिच्यात शंभराची नोट होती आणि वर एक रुपयाचं नाणं.

सवयीनं तो डब्यापर्यंत आला आणि अडला. मीही उभा राहिलो. एकशे एक रुपये टिप कोण देतं हो? एकशे एक देतात ते नारळासोबत, सोयरीक ठरल्यावर! शेठ म्हणाले, नियम म्हणजे नियम, डब्यात टाक. मी म्हणालो, शकुनाचे असतील तर ते वाटायचे कसे? शेवटी सोपान ताटली घेऊनच बाहेर पळाला.

परत आला तो चेहरा गंभीर ठेवायची धडपड करत, पण जमत नव्हतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, गिऱ्हाइकाचं मन हाये."

मामू कधी बाहेर येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. त्यांनी ताटलीतलं नाणं बघितलं, सोपानचं तोंड बघितलं आणि डब्याच्या फटीवर आपला पीठ लागलेला हात ठेवला.

"ये हसने के हैं," म्हणाले. "घर को ले जा."