रांगेत शेवटी उभे राहणारे आजोबा

मनुरेवातल्या आमच्या फार्मसीत एक गोरे आजोबा दर सोमवारी गोळ्या न्यायला यायचे. टोपी काढून 'किया ओरा' असा इथल्या मूळच्या माओरी लोकांचा नमस्कार करायचे आणि सगळ्यांना पुढे सोडायचे. एकदा मी कारण विचारलं.

"माझे पणजोबा मिशनऱ्याचे पुत्र, रानातल्या वस्तीवरचे डॉक्टर. आधी बाप्तिस्मा, मग औषध, हा त्यांचा नियम. एक माओरी बाळ प्रार्थना संपायच्या आतच गेलं. वहीत पणजोबांनी लिहिलंय, निदान बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं, समाधान वाटलं. म्हणून औषधाच्या रांगेत मी कुणाच्या पुढे उभा राहत नाही."

मी त्यांच्या मागे पाहिलं. मागच्या खुर्चीवर एक बाई तापाने फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन लिहीत होती. तिला मीच सांगितलं होतं, "आधी फॉर्म भरा."