थांबा मास्तरांचा बोल्ट

गाडी शिकवणारा माणूस धाडसी असावा असं कुणाला वाटत असेल, तर त्याने थांबा मास्तरांची गाठ घ्यावी. रस्ता रिकामा दिसला तरी मास्तर म्हणायचे, "थांबा. रिकामा कशामुळे आहे ते आधी बघा." शिकणाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं की कोपऱ्यावरचा दुकानदारही त्याच नावाने हाक मारू लागला. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने कधी साध्या खांबालाही गाडी ठोकली नव्हती, मग चेष्टा करणाऱ्यांची पर्वा कशाला?

घरातही तोच खाक्या. नळ पिळून पिळून बंद करायचा. बरणीचं झाकण असं लावायचं, की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. मास्तरीणबाई वैतागून म्हणायच्या, "अहो, आत साखर आहे, वाघ नाही."

बाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा त्या आधी नवऱ्याकडेच बसल्या. पहिल्या गियरच्या पुढे प्रकरण सरकेना. शेवटी त्या गुपचूप दुसऱ्या मास्तरांकडे शिकल्या, परवाना काढला आणि जेवताना नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. मास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "फोटो चांगला आलाय," एवढंच म्हणाले. पण लागायचं ते लागलं होतं.

आता बाईंना टेकडीपलीकडच्या शिवणकारखान्यात देखरेखीचं काम मिळालं होतं. आयुष्यभर घरी बसून लोकांचे कपडे शिवले, आणि आता पहिल्यांदाच त्यांना कुणी दुसऱ्यांचं काम तपासायला बोलावलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिकडे बस जात नव्हती. मास्तर म्हणाले, "आधी पुढचे ब्रेक पॅड बदलतो, मग बघू." त्यातलं 'मग बघू' बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी मास्तरांनी अंगणात गाडी उचलली, स्टँडवर टेकवली आणि चाकं काढली. एका बाजूचं काम सरळ झालं. दुसऱ्या बाजूला मात्र पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर धरून ठेवणारा खालचा बोल्ट हलेना. हलणार तरी कसा? मागच्या खेपेला तो मास्तरांनीच आवळला होता, पान्याला लोखंडी पाइप जोडून, अंगाचा सगळा भार टाकून, कधी सुटायलाच नको म्हणून. वर गंजही चढलेला. त्यांनी तेल मारलं, वाट पाहिली, पाना लावून जोर केला, आणि पाना घसरला. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे गेले. आता ते गोल गरगरीत डोकं कुठल्याच पान्याला दाद देईना.

असल्या बोल्टावर उपाय असतो आणि मास्तरांना तो पक्का ठाऊक होता. एका नंबराने लहान गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी पान्याची पोकळ टोपी, घ्यायची, हातोडीने त्या झिजलेल्या डोक्यावर ठोकून बसवायची, मग थोडं आवळायचं, थोडं सोडायचं, असं करत करत बोल्ट फिरवायचा. ती गोटी पेटीत समोरच होती. मास्तरांनी ती उचलली, बोटांत फिरवली आणि खिशात टाकली. मग उगाच तारेच्या ब्रशने गंज घासत बसले. बोल्ट निघाला नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर टेकडीवरची ती वळणं नाहीत. आपल्याला काही बोलायलाही नको. परस्पर काम होतंय.

दुपारी बाई चहा घेऊन पायरीवर येऊन बसल्या.

"निघत नाही का?"

"गोल झालाय."

"कुणाला बोलवायचं?"

"रविवारी कोण येणार?"

बाईंनी मान हलवली. चिडल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. उद्याचे कपडे त्यांनी इस्त्री करून आतल्या दाराला टांगले होते. त्या आत गेल्या, ते टांगलेले कपडे उतरवून त्यांची घडी घातली आणि फोन घेऊन बाहेर आल्या.

"कळवून टाकते त्यांना. दुसरं कुणी बघतील. त्यांचा तरी खोळंबा नको."

मास्तरांना भांडण चाललं असतं. भांडणासाठी त्यांच्याजवळ अपघातांचे हवे तेवढे दाखले होते. पण दारातून दिसणारी ती कपड्यांची घडी त्यांना बघवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"फोन नको करूस," ते म्हणाले. खिशातली गोटी काढून त्यांनी पायरीवर ठेवली. "हिने निघतो. सकाळपासून माहीत आहे मला."

बाईंनी फोन पायरीवर ठेवला. "मग?"

"तू त्या वळणांवर एकटी... मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्या हातचे ब्रेक हवे होते."

मास्तर गोटी उचलून गाडीशी जाऊन बसले.

गोटी ठोकून घट्ट बसली. थोडं आवळलं, थोडं सोडलं; बोल्ट बराच वेळ कुरकुरला आणि शेवटी फिरला. नवे पॅड बसले. पॅडांबरोबर आलेला नवा बोल्ट मास्तरांनी हातात घेतला, तशा बाई म्हणाल्या, "पाइप नका लावू."

"नाही लावत."

चाकं चढवून गाडी खाली घेतली. ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं, अंगणातल्या अंगणात गाडी पुढेमागे करून ब्रेक मारून बघितला. मग खाली उतरून मास्तरांनी चावी पुढे केली.

"बसा ना तुम्ही पण," बाई म्हणाल्या. "टेकडीपर्यंत जाऊन येऊ."

"तू जाऊन ये."

"एकटी?"

"उद्या कोण असणार आहे शेजारी?"

बाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि दार ओढून घेतलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्याशी जाऊन हळू झाली, वळायचा दिवा लुकलुकू लागला. काच खाली होती. हाक मारली असती तर अजून ऐकू गेली असती. मास्तरांनी मारली नाही.