वाळक्या पानासारखं फुलपाखरू

आलापल्लीहून सिरोंच्याला जाताना आमची एसटी जंगलात पंक्चर झाली. सगळे उतरून सावलीत थांबले. माझ्या शेजारच्या सीटवरच्या साठीच्या बाई मात्र रस्त्याकडेच्या ओल्या चिखलापाशी गेल्या आणि साडी सावरत चक्क कोपरं टेकून ओणव्या झाल्या. समोर वाळक्या पानासारखं एक फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं.

"आतून नारिंगी असंल तर तेच हाये," त्या कुजबुजल्या. "कितीक वर्षं झाली, शोधून राह्यली मी. पंख उघडल्याशिवाय समजत नाई."

आम्ही वाट पाहिली. पंख काही उघडेनात. चाक बसलं, कंडक्टरनं हाक मारली. मी काडी उचलून पुढं केली, तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"उडवू नका, भाऊ. पाणी पिऊन राह्यलं ते."

त्या उठल्या, एकदा वळून पाहिलं आणि गाडीत चढल्या.

एसटी सुटल्यावर मी विचारलं, "चुटपुट नाही लागली?"

"लागली ना," पदरानं कोपराची माती पुसत त्या हसल्या. "पण ते माह्यासाठी थोडंच बसलं होतं तिथी!"

सिरोंचा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि मी त्यांच्याकडे.