गौराआत्याचा लोलक आणि मला लागलेलं पाणी

पाणी शोधण्याची विद्या आपल्या अंगी आहे, असं मला आयुष्यात फक्त एक दुपार वाटलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण सोलापुरात आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती. नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि तेही करंगळीएवढं. म्हणून शेजारच्या हसनचाचांनी (ट्रकांचा धंदा, आवाजही ट्रकचाच!) आपल्या अंगणात आड खणायचं ठरवलं आणि जागा दाखवायला माझ्या गौराआत्याला अक्कलकोटहून बोलावून घेतलं.

आत्याची कीर्तीच तशी होती. काळ्या दोऱ्याला बांधलेला सुपारीएवढा पितळी लोलक ती चिमटीत धरायची, कोपर अंगापासून सुटं ठेवायची आणि त्याला प्रश्न विचारायची. लोलक गोल फिरला की ‘व्हय’, पुढं-मागं झुलला की ‘न्हाय’. त्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिनं माझ्या बायकोची, सुमनची, हरवलेली कुडी शोधून दिली. लोलक धरून घरभर हिंडली, अंथरुणाच्या ढिगापाशी थांबली, तिथं लोलक भोवऱ्यासारखा फिरला आणि कुडी उशीच्या अभ्र्यातून निघाली! सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण त्या कुडीपायी मी बरीच बोलणी खाल्ली होती.

जेवण झाल्यावर आत्या आडवी झाली. “ऊन उतरू दे, मग जागा दावते,” म्हणाली आणि घोरायला लागली. तेवढ्यात हसनचाचा दारात हजर!

“वसंतराव, आत्या किदर है? खोदनेवाले आके बैठे. बोलते, अब्बी जागा बताव, नै तो हम चले.”

आत्याला झोपेतून उठवण्याची छाती आमच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती. लोलक मात्र खुंटीला लटकत होता. मी तो काढला.

“अहो, ठेवा ते. तुमचं काम न्हाय ते,” सुमन म्हणाली.

“त्यात काय अवघड हाय? दोरा तर धरायचा!”

ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न आधी विचारून लोलकाची परीक्षा घ्यायची असते, हे मी आत्याचं बघून शिकलो होतो. मी विचारलं, “माझं नाव वसंत हाय का?”

लोलक पुढं-मागं झुलला. न्हाय!

“हे लग्नाआधी कळलं असतं तर बरं झालं असतं,” सुमन म्हणाली.

पण चाचांच्या अंगणात चमत्कार झाला. रस्त्याकडच्या भिंतीलगत आलो आणि लोलक असा गरगरा फिरला, की दोरा माझ्या बोटालाच गुंडाळला गेला! (माझा हात थरथरत होता, ही गोष्ट वेगळी.) “हितं!” मी ओरडलो. कारकुनी करून बसलेला माझा आवाज मलाच ओळखू येईना.

खणायला सुरुवात झाली. “साहेब, जमीन लई मऊ लागतीया की,” खणणारा म्हणाला.

“मऊच असणार! खाली पाणी हाय!”

थोड्या वेळानं कुदळ ‘टण्ण’ वाजली. “थांबू का?”

“छे! पाण्यावरचा खडक हाय हा. हाण!”

त्यानं हाणली, आणि पाणी उसळलं! साधंसुधं नव्हे, सरळ आभाळाकडं! चाचांनी मला मिठी मारली. “क्या हात पाया वसंतराव!” गल्लीतल्या बायका हंडे, घागरी, पातेली घेऊन धावल्या. कोपऱ्यावरच्या विणकरांच्या म्हाताऱ्या आजींनी तेलुगूत काहीतरी म्हणत मला नमस्कार केला. मीही डोळे मिटून आशीर्वादाचा हात वर केला. (आता आठवलं की तो हात कुठं लपवू असं होतं.)

सुमननं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अहो, ह्या पाण्याला नळाचा वास येतोय.”

तोवर पलीकडच्या गल्लीतली माणसं रिकाम्या बादल्या वाजवत येत होती. त्यांच्या नळाचं पाणी अचानक का गेलं, याचं उत्तर चाचांच्या अंगणात नाचत होतं! मी महापालिकेचा पाइप फोडला होता.

आता पाणी चाचांच्या गोदामाकडं निघालं. आत चादरींचे गठ्ठे, ट्रकमध्ये चढायच्या तयारीत! चाचांचा आवाज पहिल्यांदाच सायकलच्या घंटीएवढा झाला. “या अल्ला, माल लोगां का है!” मी दारात आडवा बसलो. पाणी माझ्या दोन्ही बाजूंनी आत गेलं.

पालिकेचा चावीवाला धावत आला, तो डोकं धरूनच. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह होता रस्त्याखाली, आणि वरून डांबर पडल्यापासून तो कुठं आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं!

या गोंगाटानं आत्या जागी झाली. विस्कटलेला अंबाडा सावरत, अनवाणी, त्या चिखलातून राणीसारखी चालत आली. मी तोंड उघडलं. “सुम्निरो!” ती कानडीत गरजली. मी तोंड मिटलं. माझ्या हातातला लोलक तिनं ओढून घेतला आणि रस्त्यावर निघाली. मागं सगळी गल्ली, श्वास रोखून. पिठाच्या गिरणीसमोर एक कुत्रं झोपलं होतं. आत्यानं त्याला पायानं हलकेच उठवलं. लोलक फिरला.

“खणा हितं!”

दोन घाव घातले आणि लोखंडी झाकण दिसलं. चावी फिरली, कारंजं बसलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. गठ्ठ्यांची खालची रांगच तेवढी भिजली होती. गल्लीतल्या झाडून सगळ्या गच्च्यांवर त्या चादरी वाळत घालण्याचा मान मला मिळाला.

संध्याकाळी मी आत्याचे पायच धरले. “आत्या, लोलकाला कसं कळलं गं?”

“त्याला काय कळतंय? एवढ्या उन्हात कुत्रं सावली सोडून डांबरावर निजलं होतं. खाली गारवा असल्याबिगर निजंल का? व्हॉल्व्ह झिरपत असणार. लोलक लोकांनी बघायचा रे वश्या, आपण जमीन बघायची.”

“आणि कुडी?”

“तुझी बायको झोपताना एक कान चोळती. कुडी उशीशीच काढत असणार की.”

“म्हणजे लोलक खोटा?”

“खोटा कसा? नुसतं ‘हितं खणा’ म्हटलं असतं, तर माझ्यासारख्या बाईमाणसाला भर रस्ता खणू दिला असता का कुणी?”

लोलकावर माझा विश्वास होता तोवर आत्या मला थोर वाटायची. विश्वास उडाला, तेव्हा ती त्याहून थोर वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं चाचांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जागा दाखवली. पाणी लागलं, किंचित खारट, पण ट्रकांची तक्रार नव्हती.

मीही रिकामा राहिलो नाही. पुढं कितीतरी वर्षं गल्लीत कुणीही खणायला काढलं, की आधी मला मानानं बोलावून घ्यायचे, चहा पाजायचे आणि विचारायचे, “वसंतराव, तुमच्या मते पाणी कुटं असंल?” मी गंभीरपणे बोट दाखवायचो. आणि तेवढी जागा सोडून ते खणायला सुरुवात करायचे!