लाल नखांचा खांदेकरी

आमच्या गावात गुड फ्रायडेला नवरे आजारी पडतात. कोझिमोची पाठ तर वर्षभर ठणठणीत, पण मारियामातेच्या मिरवणुकीच्या सकाळी नेमकी धरते. मग स्वारी माझ्या चौकातल्या कॅफेच्या कोठीत कांद्याच्या पोत्यावर लपते आणि कडक उपासाच्या दिवशी चोरून सॉसेज खाते.

मातेची मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्यांतली त्याची जागा मुळात सासऱ्याची. बापामागून मुलानं खांदा द्यायचा. म्हाताऱ्याला एकुलती एक मुलगी, आद्दोलोराता. मासे विकते, बर्फाची पेटी एका हाताने उचलते. पण मातेला बाईचा खांदा चालत नाही, असा मिरवणूक मंडळाचा नियम. म्हातारा वारला आणि जागा जावयाला गेली. तेव्हापासून त्याचा झगा आणि डोळ्यांपुरती भोकं असलेली, तोंड झाकणारी टोपी चढवून तीच खांदा देते.

"तेवढा वेळ बाबा जवळ असल्यासारखे वाटतात रे," ती मला एकदा म्हणाली होती. हे गुपित मी जिवापाड जपलं.

यंदा घात केला पायांनी. खांदेकऱ्यांनी अनवाणी चालायचं असतं. कोझिमोच्या भाचीने हौसेने मामीची नखं लालभडक रंगवली होती आणि ही बया पुसायला विसरली. चर्चच्या पायऱ्यांवर पाद्री डॉन ओरोंझो मान खाली घालून प्रार्थना म्हणत होते, ते मध्येच थांबले.

"कोझिमो, हे काय रे? टोपी काढ बघू!"

तिने काढली. चौकात एकच गलका उठला. तो ऐकून खुद्द कोझिमो कोठीतून धावत बाहेर आला, ताठ पाठीने, हातात सॉसेज.

"पाठ बरी झाली वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

डॉन ओरोंझो लालबुंद झाले. "आद्दोलोराता, बाजूला हो! कोझिमो, लाव खांदा."

त्याने लावला. "आई गं!" म्हणून तो खाली बसला आणि मूर्ती कलली. आद्दोलोराताने झेप घेऊन तिला सावरलं.

"अगं, मातेला बाईचा खांदा चालत नाही!"

"डॉन ओरोंझो, वर उभी आहे ती कोण? बाईच ना? मग आधी तिला खाली उतरवा, मागून मी जाते."

डॉन ओरोंझोंनी वर पाहिलं, घसा खाकरला आणि उरलेली प्रार्थना सुरू केली. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. टोपी तिने कोझिमोकडे फेकली आणि बापाच्या जागी पहिल्यांदाच उघड्या चेहऱ्याने चालू लागली.