विसरलेली वीट

आयर्लंडमधल्या त्या खेड्यात मी शेजारच्या नोराबाईंकडे गेले आणि संकोचून दाराशीच टेकले. "वीट विसरलीस वाटतं!" त्या म्हणाल्या, आणि घरभर हशा पिकला. मला काही कळेना.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या पणजोबांच्या शाळेत प्रत्येक पोराने जळणासाठी दलदलीतल्या, लाकडासारख्या पेटणाऱ्या वाळक्या मातीची एक वीट काखेत मारून आणायची. विसरला, तर विस्तवापासून लांब, दाराशी बसायचं. पणजोबा कायम दाराशी! हसणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना पाहिलेलं नाही, तरी थट्टा अजून ताजी.

आणि माझे पणजोबा? शाळेत गेले होते की नाही, हेसुद्धा आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

"ये गं, विस्तवाजवळ बस," नोराबाई म्हणाल्या. बसले. विटा छान जळत होत्या. मीही.